विजेचा भूगोल आणि जमिनीचा प्रश्न

वीज तारेवरून कोठेही नेता येते. निर्माण मात्र ती जागेच्या स्वभावानुसारच होते. दख्खनच्या पश्चिमेकडील वीजनिर्मितीचा इतिहास पाहताना या स्वभावाबरोबरच एक जुना प्रश्नही आम्हांस वारंवार भेटतो.

बेळगाव जिल्ह्यात गोकाक येथे घटप्रभा सुमारे ५२ मीटर खाली कोसळते. तेथील कापडगिरणीसाठी १८८७ मध्ये या धबधब्यावर वीज निर्माण झाली. भारतातील अगदी आरंभीच्या प्रयत्नांपैकी हा एक होय. वीज आणि तिचा वापर तेथे एकाच काठावर होते.

सह्याद्रीत हे अंतर वाढले. घाटमाथ्यावर मुसळधार पाऊस आणि पश्चिमेस एकदम तुटलेला कडा, असा योग तेथे आहे. पूर्वेकडे वाहून जाणारे पाणी माथ्यावर अडवायचे आणि नळांतून कोकणात सोडायचे, ही युक्ती टाटांनी अवलंबिली. लोणावळ्याच्या तलावांतील पाण्यावर १९१५ मध्ये खोपोलीचे केंद्र सुरू झाले आणि मुंबईच्या गिरण्या त्या विजेवर चालू लागल्या. मुळशीच्या धरणाची वेळ आली तेव्हा मात्र मावळे शेतकऱ्यांनी १९२१ मध्ये सत्याग्रह आरंभिला. सेनापती बापटांनी त्याचे नेतृत्व केले. अखेर धरण झाले, गावे पाण्याखाली गेली. पुढे १९६२ मध्ये कोयनेची वीज आली. तिने महाराष्ट्राच्या उद्योगांस बळ दिले, पण विस्थापितांचा लढा कित्येक दशके चालला. याच कोयनेच्या जलाशयावरील वनकुसवडे पठारावर आता पवनचक्क्या फिरतात. पाऊस आणणारे नैर्ऋत्य वारेच त्यांनाही गती देतात.

पूर्वेकडे पर्जन्यछायेत गेले की पाणी आटते आणि ऊन उरते. कर्नाटकातील पावगड हा दुष्काळी तालुका. तेथे सुमारे १३,००० एकरांवर २,०५० मेगावॅटचे सौर उद्यान २०१९ मध्ये पूर्णत्वास गेले. जमीन विकत न घेता शेतकऱ्यांकडून ती भाड्याने घेण्यात आली, आणि भाडे ठरले एकरी वर्षाला सुमारे २१,००० रुपये. मुळशीच्या तुलनेने ही मोठीच सुधारणा, कारण मालकी शेतकऱ्याकडेच राहिली. परंतु भाडे मिळते ते सातबाऱ्यासारखा कागद हाती असणाऱ्यास. त्याच रानात मजुरी करणाऱ्या भूमिहीनाचे काम गेले, आणि त्याच्या नावे कोणताच करार नाही.

प्रदेशाप्रदेशांतील भेद मोजताना आपण मेगावॅट मोजतो. त्यात वावगे काही नाही. डोंगर, वारा आणि ऊन यांची वाटणी निसर्गाने केली आहे. परंतु त्या विजेच्या लाभाची वाटणी माणसेच करतात. म्हणून प्रत्येक नव्या प्रकल्पाच्या आकड्यांशेजारी, तेथे पूर्वी कोण राबत होते हा आकडाही लिहिला जावा, एवढेच आमचे म्हणणे आहे.