कापड पुढे कोण सरकवतं?

मी इतिहासाचा प्राध्यापक नाही, निवृत्त फौजी आहे. आजचा विषय आहे जाड कापड शिवणारं आणि उचलून नेता येणारं शिलाई मशिन. तुम्ही म्हणाल, फौजीला याच्याशी काय देणंघेणं? तर आधी माझी एक चूक सांगतो.

मी कॅप्टन होतो आणि क्वार्टरमास्टरचं काम माझ्याकडे होतं. बर्फ पडण्याआधी दुरुस्त केलेले तंबू वरच्या चौकीवर पाठवायचे होते. आमचा ईबीआर, म्हणजे बूट आणि इतर सामान दुरुस्त करणारा कारागीर, साध्या मशिनवर कॅनव्हासला टीप मारत होता. तो म्हणाला, "साहेब, वरचा पदर मागं राहतोय. टाके नीट बसत नाहीत. कोपरे हातानं शिवायला दोन दिवस द्या." खेचरं सकाळी निघायची होती. मी म्हणालो, "वेळ नाही, असंच जाऊ दे."

चौथ्या रात्री वाऱ्याने कोपऱ्याची शिवण उसवली. अंधारात तंबू सावरताना एका जवानाच्या बोटांना हिमदंश झाला आणि दोन बोटांची पेरं गेली. तंबू ठीक असल्याच्या कागदावर सही माझी होती.

वरचा पदर मागं का राहतो, हे मी पुढे समजून घेतलं. शिलाई मशिनचा इतिहास आपण सुई आणि दोऱ्याचा म्हणून सांगतो. पण कापड पुढे कसं सरकवायचं, हा प्रश्नही तितकाच अवघड होता.

सुरुवात फौजेपासूनच होते. फ्रान्समधल्या बार्थेलेमी तिमोनिए या शिंप्याने १८३० साली आपल्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि पॅरिसमध्ये सैन्याचे गणवेश शिवायचा कारखाना उभा राहिला. पोटावर पाय येईल या भीतीने १८३१ साली शिंप्यांच्या जमावाने ती यंत्रं फोडली.

अमेरिकेत एलियास हाऊ यांनी १८४६ साली दोन दोऱ्यांच्या पक्क्या टाक्याचं पेटंट घेतलं. पण त्यांच्या यंत्रात कापड एका पट्टीवरच्या टाचण्यांना टांगावं लागे. पट्टी संपली की थांबा, कापड काढा, पुन्हा टांगा. टाका पक्का, पण शिवण पट्टीएवढीच. हेच हाऊ पुढे अमेरिकन यादवी युद्धात साधे शिपाई म्हणून भरती झाले. आयझॅक सिंगर यांनी १८५१ साली कापड आडव्या टेबलावर घेतलं आणि वरून दाबणारा फूट दिला. मग ॲलन विल्सन यांनी १८५४ साली दात्यांच्या चार हालचालींचं पेटंट मिळवलं. दाते वर येतात, कापड पुढे नेतात, खाली जातात आणि मागे येतात. तुमच्या घरच्या मशिनमध्ये आजही हेच चालतं.

पण हे दाते फक्त खालच्या पदराला धरतात. वरचा पदर स्थिर फूटखाली घासत राहतो. सुती कापडात हे जाणवत नाही. कॅनव्हासचे चार-सहा पदर एकत्र आले की वरचा मागं पडतो. माझा ईबीआर हेच सांगत होता.

यावरचा उपाय म्हणजे वॉकिंग फूट. यात वरचा फूट दोन भागांत असतो. एक भाग कापड दाबून धरतो, तेवढ्यात दुसरा पाऊल उचलून पुढच्या टाक्याची जागा घेतो आणि खालच्या दात्यांबरोबर चालतो. कारखान्यातल्या मोठ्या मशिनमध्ये बहुधा सुईही कापडाबरोबर सरकते. ते उत्तमच, पण टेबल आणि मोटरसह ते एका जागी बसतं.

उचलून नेण्याजोगं मशिन लोकप्रिय केलं ते शिडाच्या नौका बाळगणाऱ्यांनी. फाटलेलं शीड नौकेवरच शिवायची सोय त्यांना हवी होती. अमेरिकेतली सेलराइट कंपनी १९६९ साली लोकांना घरी शिडं शिवता यावीत म्हणून सुरू झाली आणि पुढे अशा मशिनसाठीच ओळखली जाऊ लागली.

गेल्या वर्षी त्याच ईबीआरचा बेळगावहून फोन आला. "साहेब, ट्रकच्या ताडपत्र्या जागेवर जाऊन शिवायच्यात. कुठलं मशिन घेऊ?" पैसे त्याच्या निवृत्तीचे होते. आम्ही दोघांनी मिळून यादी केली. अंगाचं बीड किंवा ॲल्युमिनियमचं ओतकाम हवं, आतले गिअर प्लास्टिकचे नकोत. चाक जड हवं, म्हणजे मशिन सावकाश चालवतानाही जाड पदरावर सुई अडत नाही आणि वीज नसली तर हाताने फिरवता येतं. फूट पुरेसा उचलला गेला पाहिजे. टाका सहा मिलिमीटरपर्यंत लांब करता यावा, कारण जाड कापडात बारीक टाके भोकांची रांग पाडतात आणि कापड तिथेच फाटतं. झिगझॅग शिडाला लागतं, ताडपत्रीला सरळ टीप पुरते, मग त्याचे जादा पैसे कशाला? सुया आणि बॉबिन जवळच्या बाजारात मिळायला हव्यात. आणि नुसतं 'हेवी ड्यूटी' लिहिलेलं असलं म्हणजे वॉकिंग फूट असतोच असं नाही, हे पाहून घ्यावं.

पण शेवटची परीक्षा त्याची होती. आपल्या ताडपत्रीचा तुकडा आणि आपला दोरा घेऊन तो दुकानात गेला. सारख्या लांबीच्या दोन पट्ट्या एकावर एक ठेवून त्याने हातभर टीप मारली आणि टोकं जुळतात का ते पाहिलं. पहिल्या मशिनवर वरची पट्टी बोटभर पुढे आली. त्याने तिथूनच फोन केला, "साहेब, वरचा पदर मागं राहतोय."

"मग घेऊ नका," मी म्हणालो. "दुसरं बघा. घाई नाही."

तिसऱ्या दुकानात टोकं जुळली.