रोखा आणि वही

थोडक्या रकमेचें कर्ज वेळेवर मिळालें, म्हणजे खेड्यांतील गरिबाची राहणी सुधारते, असें हल्लीं पुष्कळ ठिकाणीं ऐकूं येतें. या मताची परीक्षा करावयाची तर महाराष्ट्राच्या इतिहासाइतका चांगला साक्षीदार मिळणें कठीण.

ता. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें कुणब्यांनीं सावकारांविरुद्ध दंगा केला व त्याचें लोण पुणें आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरलें. सुप्यास लूट झाली हें खरें. तथापि बहुतेक ठिकाणीं जमावाचा रोख सावकाराच्या जिवावर नसून त्याच्या रोख्यांवर होता. अमेरिकेंतील यादवीमुळें (१८६१-६५) कापसाचे भाव चढले, तेव्हां सावकारानें हात सैल सोडला होता. भाव उतरतांच तो आंखडला. त्यांत जमीनमहसुलाची आकारणी वाढली. परंतु कुणब्यास खरी चीड होती ती निराळीच. किती घेतलें व किती फेडलें हें ज्या कागदावर लिहिलेलें, तो त्यास वाचतां येत नव्हता. आणि दिवाणी कोर्ट मात्र त्याखालील निशाणीच प्रमाण मानी.

१८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्यानें न्यायाधीशास रोख्यामागील मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला. तेव्हां सावकार गहाणखताऐवजीं खरेदीखतच लिहून घेऊं लागले! पुढें १९०४ मध्यें सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला. गांवकऱ्यांनीं परस्परांस जामीन राहून कर्ज द्यावें, ही कल्पना थोर होती. पण पेढीचें दप्तर बहुधा सधन खातेदारांच्या हातीं राहिलें. १९५१-५२ च्या ग्रामीण पतपाहणींत देशांतील शेतकऱ्यांच्या कर्जांत सहकारी संस्थांचा वांटा अवघा शेंकडा ३.१ आढळला, सावकारांचा सुमारें ७०.

१९९२ मध्यें नाबार्डनें ५०० बचतगट बँकांशीं जोडण्याचा प्रयोग आरंभिला. दहा-वीस स्त्रियांनीं आपली बचत एकत्र करावी, वही स्वतः लिहावी व कोणास किती द्यावें हें चारचौघींत ठरवावें, ही त्याची रीत. उलट, नफ्यासाठीं लहान कर्जें देणाऱ्या कंपन्यांची वसुली आंध्र प्रदेशांत इतकी जाचक झाली कीं, ऑक्टोबर २०१० मध्यें तेथील सरकारास वटहुकूम काढावा लागला. रक्कम दोहींकडे लहानच. वही मात्र एकीकडे कर्जदाराच्या हातीं, दुसरीकडे परक्याच्या.

तरीहि वहीची थोरवी मर्यादेंतच गावी. अडीअडचणींत दुभती म्हैस विकावी लागत नाहीं, मुलाची शाळा सुटत नाहीं, हा लाभ लहान नव्हे. पण कर्ज म्हणजे उत्पन्न नव्हे. कोरडवाहू शेतांत पाणी नाहीं व मालास भाव नाहीं, तर हप्ता कोठून फेडावयाचा? १८७५ सालीं रयतेनें कागद जाळले, पण पाऊस आणि बाजारभाव यांवर तिची सत्ता चालली नाहीं. वही रयतेच्या हातीं देणें हें निम्मेंच काम होय. उरलेलें निम्में शेताच्या बांधावर व्हावयाचें आहे.