माळ्यावरून खाली : गायकवृंदाच्या जबाबदारीची कहाणी

मुख्य दरवाजाच्या वर, वेदीकडे तोंड करून बांधलेला गायकांचा माळा आपल्या उपनगरांतील जुन्या चर्चमध्ये अजून पाहावयास मिळतो. नव्या पिढीला तो कशासाठी होता हे सांगावे लागते, कारण अनेक धर्मग्रामांत गायकवृंद आता खाली, वेदीच्या एका अंगास बसतो. ह्या काही पायऱ्या उतरावयास चर्चला विसाव्या शतकाची साठाहून अधिक वर्षे लागली, आणि तेवढ्या अवधीत गायकाकडून काय अपेक्षावे ही कल्पनाच पालटली. गायकवृंदात नव्याने येणारी मुले-मुली आमच्याकडे नियम विचारतात. नियम आम्ही सांगतोच. परंतु त्यांच्यामागचा इतिहास ठाऊक नसला की ते निव्वळ जाचक वाटतात.

ह्या किनाऱ्यावर चर्चचे गायन पोर्तुगीजांबरोबर आले. बोरिवलीजवळ मंडपेश्वरला फ्रान्सिस्कन संन्यासी स्थिरावले. मरोळ परिसरात येशूसंघीयांनी १५७९ मध्ये संत योहान बाप्तिस्ताचे चर्च उभारले. वेदीपुढील गायन लॅटिनमध्ये होई. लोकांची भाषा मात्र वेगळ्या वाटेने देवळात शिरली. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. ते ओवीबद्ध आहे, म्हणजे मुळात गाण्यासाठीच आहे. शिकलेल्या मोजक्यांचे लॅटिन आणि सर्वांच्या तोंडची ओवी असे हे दोन प्रवाह होते. ते एकमेकांत मिसळण्यास साडेतीन शतके जावी लागली.

चर्चचा गायक घडवण्याची परंपरा गोव्यात ‘मेस्त’ ह्या व्यक्तीभोवती उभी राहिली. चर्चच्या शाळेत तो मुलांना सोल्फा शिकवी, हाती व्हायोलिन देई आणि रविवारी त्यांच्याकडून गाऊन घेई. वादन आणि उपासना हे एकच शिक्षण होते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) अशाच घरातले. त्यांचे वडील तेथील चर्चचे गायकप्रमुख होते. पुढे मुंबईच्या चित्रपटसृष्टीत ते नामवंत व्हायोलिनवादक व संयोजक झाले, आणि १९७७ च्या एका हिंदी चित्रपटगीतात त्यांचे नाव आले ते त्यांचे शिष्य प्यारेलाल यांच्यामुळे. ते गाणे गुणगुणणाऱ्या किती जणांना त्यामागची चर्चमधील शाळा ठाऊक असेल?

गायकाच्या कर्तव्याविषयी आधुनिक काळात पहिले नेमके शब्द पोप दहावे पायस यांनी २२ नोव्हेंबर १९०३ रोजी, संत सिसिलियाच्या सणादिवशी लिहिले. इटलीतील चर्चमध्ये तेव्हा ऑपेराचा थाट शिरला होता. गायक स्वतःची छाप पाडू पाहत आणि धर्मगुरू वेदीपाशी तिष्ठत राही. पोप महोदयांनी ठरवून दिले की, गायनासाठी धर्मगुरूला खोळंबून ठेवू नये, एकट्याच्या गायनाने समूहगायनावर मात करू नये, आणि गायक सुशील व भक्तिमान असावेत. पियानो आणि ढोल चर्चमध्ये निषिद्ध ठरले. वाद्यवृंदाला मिरवणुकीपुरती, तीही परवानगीने, मोकळीक मिळाली. गायकांचे काम ही खरीखुरी उपासनासेवा आहे, हे तत्त्वही त्याच लेखात आहे. आणि त्याच तत्त्वावरून स्त्रिया ह्या सेवेस अपात्र ठरवल्या गेल्या. उंच स्वरांसाठी मुलगे घ्यावेत, असा आदेश होता. तत्त्व थोर होते, निष्कर्ष मात्र टिकला नाही. १९५५ मध्ये पोप बारावे पायस यांनी काही अटींवर स्त्रियांना गाण्याची मुभा दिली. १९६७ च्या सूचनापत्राने स्त्री-पुरुषांचा मिश्र वृंद किंवा केवळ स्त्रियांचा वृंद हे दोन्ही प्रकार मान्य केले. आमच्या धर्मग्रामात आज सरावाला येणाऱ्यांत निम्म्याहून अधिक स्त्रिया आहेत. त्या नसत्या तर आमची रविवारची मिस्सा मुकीच झाली असती.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा उपासनाविषयक दस्तऐवज ४ डिसेंबर १९६३ चा. पुढल्याच वर्षी मुंबईत आंतरराष्ट्रीय युखरिस्त परिषद भरली आणि पोप सहावे पॉल आपल्या शहरात आले. परिषदेने गायकवृंद मोडीत काढला, असा समज अजूनही ऐकू येतो. तो खरा नाही. वृंद जोपासावेत, असेच त्या दस्तऐवजात म्हटले आहे. मात्र लोकांनीही गावे, आणि ज्या देशांना स्वतःची संगीतपरंपरा आहे तेथे तिला योग्य स्थान मिळावे, अशी जोडही त्याला आहे. अंधेरीत ह्या विचाराची वाट आधीच पडत होती. जर्मन मिशनरी फादर जॉर्ज प्रोक्ष यांनी तेथील ज्ञानआश्रमात हिंदी भक्तिगीते रचली, भारतीय नृत्याला ख्रिस्ती आशय दिला. मराठीत तर रेव्हरंड ना. वा. टिळक (१८६१–१९१९) यांनी अभंग आणि कीर्तन ख्रिस्तचरणी आधीच वाहिले होते. लॅटिन मागे पडून मिस्सा मराठीत होऊ लागली तेव्हा हा ठेवा हाताशी होता. तबला-पेटी चर्चमध्ये आणण्यास काही ज्येष्ठांचा विरोध असे. त्यांना त्यात उपासनेहून मैफलीचाच भास होई. त्यांची शंका सर्वस्वी निराधार होती असे आम्ही म्हणणार नाही. वाद्य कोणतेही असो, मैफल कोठेही होऊ शकते, गिटारवरही.

५ मार्च १९६७ च्या ‘मुझिकाम साक्राम’ ह्या सूचनापत्राने माळ्याचा प्रश्न सोडवला. वृंद हा जमलेल्या समुदायाचाच भाग आहे हे त्याच्या जागेवरून दिसावे, आणि प्रत्येक गायकाला ख्रिस्तप्रसाद घेणे सोयीचे व्हावे, असे त्यात म्हटले आहे. सर्वच गायन वृंदाने करून लोकांना मूक ठेवण्याची प्रथा त्याने अमान्य केली. गायकांना संगीताबरोबर उपासनेचे व आध्यात्मिक शिक्षणही द्यावे, हेही सांगितले. आमच्या मते सर्वांत दुर्लक्षित वचन हेच. सराव म्हणजे चाल बसवणे, एवढेच आपण धरून चालतो. त्या रविवारचे शुभवर्तमान कोणते, हे गीते निवडताना किती वृंद पाहतात? प्रवचनाच्या वेळी वह्या चाळणाऱ्या, भ्रमणध्वनीवर पुढचे गीत शोधणाऱ्या गायकाला माळ्यावर निदान आडोसा तरी होता!

ध्वनिमुद्रित साथीचा मोहही नवा नाही. १९५८ च्या सूचनापत्राने उपासनेत ग्रामोफोन व तत्सम यंत्रांना स्पष्ट मज्जाव केला होता. कारण उघड आहे : यंत्र प्रार्थना करीत नाही.

त्याच सूचनापत्रात आणखी एक गोष्ट आहे, जी आम्हा धर्मगुरूंना उद्देशून आहे. गायक-वादकांनी देवाच्या प्रेमाखातर विनामूल्य सेवा करावी हे स्तुत्य. पण ज्यांना ते परवडत नाही त्यांना न्याय्य मोबदला देणे चर्चचे कर्तव्य आहे. नोकरी सांभाळून, मुलुंडहून वा घाटकोपरहून लोकलच्या गर्दीतून सायंकाळच्या सरावाला येणाऱ्या तरुण वादकाकडून आपण वक्तशीरपणा, शील, तयारी आणि भक्ती अशी सारी अपेक्षा करतो. ती रास्तच आहे. धर्मग्रामाच्या जमाखर्चात फुलांचा, रोषणाईचा, ध्वनिक्षेपकाचा खर्च दाखवलेला असतो. वादकाच्या मानधनाची ओळ पुष्कळदा नसते. येत्या वर्षाच्या अंदाजपत्रकात ती असावी, असा प्रस्ताव आम्ही आमच्या धर्मग्राम सभेपुढे ठेवला आहे.