वस्तरा, पाते आणि हात: शहापूर-मुरबाडच्या न्हावीकामाचा इतिहास

शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्याच्या पूर्व अंगाचे, सह्याद्रीच्या पायथ्याशी पसरलेले भातशेतीचे तालुके. शहापूरकडून थळ घाट नाशिकला चढतो, तर मुरबाडकडून माळशेज आणि नाणेघाट जुन्नरला. कुणबी, आगरी, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली अशा समाजांच्या या मुलखातल्या न्हावीकामाचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास बराचसा एका हत्याराभोवती फिरतो. सहाणेवर धार लावायचा पोलादी वस्तरा हळूहळू बाजूला पडला आणि पाते बदलायचा वस्तरा आला. धार राखण्याचे कसब कारखान्यात गेले. वस्तरा चालवण्याचे कसब मात्र आजही हातालाच शिकावे लागते.

जुन्या गावगाड्यात न्हावी हा बलुतेदार होता. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 1915 सालच्या ‘गावगाडा’ या ग्रंथात बलुतेदारीचे तपशीलवार वर्णन आहे. बलुतेदारांच्या तीन कासा, म्हणजे श्रेणी, मानल्या जात आणि न्हाव्याची गणना सर्वसाधारणपणे कुंभार, चांभार व परीट यांच्याबरोबर मधल्या कासेत होई. कोकणपट्टीत ही मांडणी देशावरच्याइतकी पक्की नव्हती, तरी कामाचा मोबदला धान्यात देण्याची रीत इथेही होती. वर्षभर घरोघर जाऊन हजामत करायची आणि भाताची झोडणी झाली की खळ्यावर जाऊन आपला वाटा घ्यायचा. पीक बुडाले की बलुतेही बुडे. दाढी आणि डोके एवढ्यावर त्याचे काम संपत नसे. नखे काढणे, अंग रगडणे, बाळाचे जावळ काढणे, लग्नकार्यातले मान आणि दहाव्याला नदीकाठी करायचे क्षौर ही सगळी कामे त्याच्याकडे असत. जन्मापासून मरणापर्यंतच्या विधींत त्याला जागा होती, पण त्या मानाने गावात त्याचा दर्जा खालचाच राहिला.

त्याचे सगळे दुकान एका धोकटीत मावत असे. वस्तरा, कात्री, कंगवा, नखे काढायची नऱ्हाणी, चिमटा, पाण्याची पितळी वाटी, लहानसा आरसा, धार लावायचा दगड आणि चामड्याचा पट्टा एवढा तिचा ऐवज. संत सेना न्हावी यांनी आपल्या अभंगात आरसा आणि चिमटा ही व्यवसायातली साधनेच अध्यात्माची रूपके म्हणून वापरली. वारकरी परंपरेने त्यांना संतांच्या मांदियाळीत मानाचे स्थान दिले.

जुना वस्तरा म्हणजे दोन पट्ट्यांच्या मुठीत मिटणारे रुंद पोलादी पाते. त्याची पाठ जाड असे आणि धारेकडे ते पातळ होत जाई. धार लावताना पाते दगडावर सपाट ठेवून पाठ आणि धार दोन्ही टेकवायच्या, म्हणजे कोन आपोआप सारखा राहतो. दगडानंतर पट्टा यायचा. दगडावर धार पुढे ठेवून घासतात, पट्ट्यावर मात्र पाठ पुढे आणि धार मागे ठेवून ओढतात. हात उलटा पडला तर पट्टा कापला जातो आणि धारही जाते. पुष्कळ न्हावी शेवटचे दोन-चार फटकारे स्वतःच्या तळहातावर मारत. शिकणाऱ्या मुलाला आधी धोकटी उचलावी लागे, पाणी आणून द्यावे लागे आणि मग धार लावावी लागे. माणसाच्या गालाला वस्तरा लावण्याची पाळी फार उशिरा येई. धार ओळखता येत नसेल तर हाताच्या सफाईचा उपयोग नाही, हा या शिक्षणाचा पहिला धडा होता.

या वस्तऱ्यावर जातीची आणि रूढीची सत्ता होती. अस्पृश्य मानलेल्या जातींची हजामत गावचा न्हावी करत नसे. त्याने ती केली तर इतर गिऱ्हाइके त्याच्यावर बहिष्कार घालतील, ही भीती असे. दुसरीकडे ब्राह्मण विधवांचे केशवपन त्याच्याच हातून करवले जाई. या क्रूर प्रथेविरुद्ध सत्यशोधक चळवळीतले कार्यकर्ते आणि कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईतल्या न्हाव्यांना संघटित केले आणि 1890 साली न्हाव्यांनी विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायला नकार दिला. हाताने राबणाऱ्या माणसांनी आपल्याच हत्याराचा वापर नाकारून केलेली ही सामाजिक कृती महाराष्ट्राच्या इतिहासात मोलाची आहे. पुढे 1955 च्या अस्पृश्यता (गुन्हे) कायद्यात ‘दुकान’ या शब्दाच्या व्याख्येतच केस कापण्याच्या सलूनचा समावेश झाला. त्यामुळे जातीवरून सलूनमध्ये प्रवेश नाकारणे हा कायद्याने गुन्हा ठरला. गावोगावची वागणूक मात्र कायद्याच्या मागून, पुष्कळ संथपणे बदलली.

याच न्हावी, म्हणजे नाभिक, समाजातल्या एका तरुणाचे नाव मुरबाड तालुक्याशी कायमचे जोडले गेले आहे. विठ्ठल लक्ष्मण तथा भाई कोतवाल यांचा जन्म 1 डिसेंबर 1912 रोजी माथेरानला झाला. ते वकील झाले आणि परिसरातल्या गरीब शेतकरी-आदिवासींसाठी त्यांनी धान्यकोठारे चालवली. 1942 च्या ‘छोडो भारत’ लढ्यात त्यांच्या ‘आझाद दस्ता’ या गटाने विजेचे मनोरे पाडून सरकारला हैराण केले. 2 जानेवारी 1943 रोजी मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडावर पोलिसांशी झालेल्या चकमकीत भाई कोतवाल आणि त्यांचे साथीदार हिराजी पाटील यांना हौतात्म्य आले. गावकीत खालच्या पायरीवर ठेवलेल्या समाजातून आलेल्या या माणसाने परिसराचे नेतृत्व केले, याची आठवण सिद्धगड आजही जागती ठेवतो.

बलुत्याची घडी विस्कटायला रेल्वेचाही हातभार लागला. कल्याणहून वासिंदला गाडी 1855 मध्ये पोचली, 1861 मध्ये ती कसाऱ्यापर्यंत गेली आणि 1865 मध्ये थळ घाट चढून इगतपुरीला. शहापूरजवळच्या आसनगाव, आटगाव, खर्डी या स्थानकांवरून माणसे मजुरीला आणि नोकरीला कल्याण-मुंबईकडे जाऊ लागली. त्यांच्याबरोबर रोख पैसा गावात आला आणि सलूनही माहीत झाले. उंच खुर्ची, समोरासमोर लावलेले आरसे, भिंतीवरची दरपत्रके यांची ओळख झाली. रेल्वे न पोचलेल्या मुरबाडकडे हा बदल रस्त्याने आणि एसटीने आला. मुरबाड तालुक्यातल्या म्हसा गावच्या यात्रेसारख्या मोठ्या गर्दीत आणि आठवडे बाजारात झाडाखाली आरसा टेकवून बसणारा न्हावी हा बलुते आणि सलून यांच्या मधला टप्पा होता. तिथे गिऱ्हाईक ओळखीचे असण्याची गरज नव्हती आणि मोबदला जागच्या जागी मिळे.

पात्याचा इतिहास दूरवर सुरू होतो. किंग कॅम्प जिलेट यांना बदलत्या पात्याच्या सेफ्टी रेझरचे अमेरिकी पेटंट 1904 मध्ये मिळाले. कल्पना घरी स्वतः दाढी करणाऱ्यांसाठी होती, पण भारतात तिचा मोठा उपयोग न्हाव्यांनी केला. स्वातंत्र्यानंतर देशी कारखाने उभे राहिले आणि पाते स्वस्त झाले. खुद्द ठाण्यात, वागळे इस्टेटमध्ये, विद्युत मेटॅलिक्सच्या कारखान्यात सुपरमॅक्सची पाती तयार होत. म्हणजे धारेचा उद्योग याच जिल्ह्यात, शहापूर-मुरबाडपासून काही तासांच्या अंतरावर आला.

न्हाव्याने दुधारी पाते आपल्या पद्धतीने वापरले. कागदी वेष्टनातच ते मधोमध दुमडायचे, कट्‌कन दोन तुकडे होतात. वेष्टन आधी काढले तर बोटे कापतात. अर्धे पाते पोलादी मुठीच्या खाचेत सरकवून वरची पट्टी मिटायची. धार फक्त केसभर बाहेर राहते. एक अर्धे या गिऱ्हाइकाला, दुसरे पुढच्याला. या सोयीला आरोग्याचे बळ मिळाले. भारतात एड्सचे पहिले रुग्ण 1986 मध्ये आढळले आणि 1992 मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना स्थापन झाली. त्यानंतरच्या प्रचारात ‘नवे पाते’ हा शब्द घरोघर गेला. कावीळ ब आणि क यांचे विषाणूही दूषित धारेवरून पसरू शकतात. गिऱ्हाईक पाते बदलताना निरखून पाहू लागले आणि न्हावी ते त्याच्या डोळ्यांदेखत बदलू लागला.

जपानमध्ये हाच बदल वेगळ्या आकाराने झाला. तिथला पारंपरिक वस्तरा, कामिसोरी, मिटत नाही. त्याचे पाते आणि मूठ एकाच सरळ पोलादी तुकड्याची असते आणि त्याच्या दोन बाजू सारख्या घासलेल्या नसतात. बौद्ध भिक्षूंच्या मुंडनाशी त्याचा जुना संबंध आहे. बुद्धांच्या संघात विनयाचे सर्वश्रेष्ठ जाणकार ठरलेले उपाली हे मूळचे न्हावीच होते. सेकी शहरातल्या उद्योगातून 1932 मध्ये उभ्या राहिलेल्या फेदर कंपनीने पुढे सरळ मुठीत एकधारी, जाडसर पाते बसवायचे वस्तरे बनवले. आता भारतातही काही शहरी सलूनमध्ये आणि हौशी माणसांच्या हाती ते दिसतात. मिटणारा देशी वस्तरा आणि न मिटणारा जपानी वस्तरा यांची पकड वेगळी असली, तरी दोन्हींचे शिक्षण सारखेच आहे.

त्या शिक्षणाचा क्रम ठरलेला आहे. आधी दाढी कोमट पाण्याने भिजवून फेस मुरू द्यायचा. मग डाव्या हाताने कातडी ताणायची. वस्तरा गालाशी साधारण 30 अंशांत धरायचा. कोन वाढला तर कातडी कापते, कमी झाला तर केस ओढले जातात. पहिला हात केसांच्या सुलट्या दिशेने, लहान फटक्यांत. गरज असेल तरच दुसरा हात आडवा किंवा उलटा. जुन्या वस्तऱ्याला वजन होते, जाड पाठ होती आणि धार थोडी सौम्य होती. नवे पाते हलके आणि अधिक तीक्ष्ण असते, म्हणून जुन्या वस्तऱ्यावर बसलेल्या हाताला इथे दाब कमी करायला नव्याने शिकावे लागते. नवशिक्या बहुधा कल्ले आणि मानेवरचे केस यांपासून सुरुवात करतो, मग गाल, शेवटी हनुवटी आणि ओठाची वरची बाजू. फेस लावलेल्या फुग्यावर सराव करणे ही प्रशिक्षण वर्गांतली रुळलेली युक्ती आहे. फुगा फुटला नाही तर दाब बरोबर. काम संपल्यावर तुरटीचा खडा फिरवतात आणि वापरलेले पाते डब्यात टाकतात.

2020 च्या टाळेबंदीत हा व्यवसाय पुरता थांबला. 28 जूनपासून राज्यात सलून उघडली, पण सुरुवातीला केस कापण्यासारख्या मोजक्याच सेवांना परवानगी होती. दाढीवरची बंदी आणखी काही काळ टिकली आणि हातावर पोट असलेल्या अनेक कुटुंबांना तिची झळ बसली. 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत 18 पारंपरिक व्यवसायांमध्ये न्हाव्यांचाही समावेश आहे. प्रशिक्षण, अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंतची मदत आणि सवलतीच्या व्याजाचे कर्ज ही तिची मुख्य अंगे.

आज शहापूर किंवा मुरबाडच्या बाजारपेठेतल्या सलूनमध्ये बलुत्याची मागणी होत नाही आणि कायद्याच्या दृष्टीने खुर्ची सर्वांसाठी खुली आहे. श्रावणात काम मंदावते, गणपतीच्या आधी गर्दी होते. धारेचा दगड धोकटीतून गेला. कातडी ताणणारा डावा हात आणि कोन सांभाळणारा उजवा हात मात्र एका पिढीने दुसऱ्या पिढीला शेजारी उभे करूनच शिकवावे लागतात, कारण कारखान्यात धार तयार होते, सफाई तयार होत नाही.