फळ्यावरचे २२७७ आणि जेधे शकावली : तारखांचे भांडण कसे वाचावे?

१/१५
एका पडक्या जगातील शाळेचा फळा. त्यावर खडूने लिहिलेले साल : २२७७. एप्रिल २०२४ मध्ये 'फॉलआउट' ही मालिका प्रदर्शित झाली आणि या एका सालावरून जगभरच्या चाहत्यांत कडाक्याचा वाद पेटला. इतिहासाच्या विद्यार्थिनीला तो वाद फार ओळखीचा वाटला. का, ते सांगण्यासाठी हा थ्रेड. (मालिकेतील एक रहस्य पुढे उघड होते. ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांनी सावध असावे.)

२/१५
आधी थोडी पार्श्वभूमी. 'फॉलआउट' हा व्हिडिओ गेम १९९७ चा. त्याच्या कथेत २३ ऑक्टोबर २०७७ रोजी अणुयुद्ध होते आणि जग बेचिराख होते. पहिल्या गेममध्ये कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात 'शेडी सँड्स' नावाचे एक लहानसे खेडे भेटते. दुसऱ्या गेमपर्यंत (१९९८) तेच खेडे 'न्यू कॅलिफोर्निया रिपब्लिक' या नव्या राज्याची राजधानी झालेले असते. राखेतून राज्य उभे राहते. चाहत्यांचा जीव या गावात गुंतला तो त्यामुळेच.

३/१५
२०१० मध्ये 'न्यू व्हेगास' हा गेम आला. त्याचे कथानक २२८१ मधले. त्यात हे रिपब्लिक हूवर धरणावर ताबा ठेवून आहे, सैन्य बाळगून आहे, कर गोळा करते आहे. मालिकेचे कथानक मात्र २२९६ मधले आणि तिच्यात शेडी सँड्सच्या जागी उरला आहे तो केवळ एक प्रचंड खड्डा. फळ्यावर 'शेडी सँड्सचा पाडाव, २२७७' असे लिहिलेले. पुढे एक बाण आणि बाणाच्या टोकाशी स्फोटाचे चित्र.

४/१५
चाहते संतापले. राजधानी २२७७ मध्येच नष्ट झाली असेल, तर २२८१ मध्ये तिचे सैन्य धरणावर कसे? ज्या गेममध्ये आपण शेकडो तास घालवले, तो निर्मात्यांनी पुसून टाकला काय? दुसरा पक्ष म्हणाला : फळा नीट वाचा. साल 'पाडावा'चे आहे. स्फोट बाणाच्या पुढे आहे आणि त्याला साल दिलेलेच नाही. पाडाव म्हणजे ऱ्हासाचा आरंभ. बॉम्ब नंतर पडला.

५/१५
आता हाच फळा आपल्या शाळेत आणू. 'मराठेशाहीचा पाडाव, १७६१' असे कोणी लिहिले, पुढे बाण काढला आणि टोकाशी शनिवारवाड्यावर फडकणारा इंग्रजी झेंडा रेखाटला, तर? पानिपत १४ जानेवारी १७६१ चे, पेशवाई संपली १८१८ मध्ये. मधल्या ५७ वर्षांत बरेच काही घडले : १७७१ मध्ये महादजी शिंदे दिल्लीत दाखल झाले आणि पुढल्या वर्षी मोगल बादशहा त्यांच्या पाठबळावर तख्तावर परतला.

६/१५
तेव्हा पहिला धडा असा : 'पाडाव', 'अस्त', 'ऱ्हास' हे शब्द घटनेचे नाव सांगत नाहीत, लिहिणाऱ्याचा निवाडा सांगतात. असा शब्द एखाद्या सालाला चिकटलेला दिसला की प्रथम विचारावे : हे कोणी लिहिले, कोणासाठी, घटनेनंतर किती काळाने? मालिकेतला फळा बेघर झालेल्यांच्या पुढच्या पिढीला शिकवण्यासाठी लिहिलेला आहे. तो स्मृतीचा पुरावा आहे. त्याला दफ्तर समजून वाचणे ही वाचणाऱ्याची चूक.

७/१५
आता आमच्या घरचे भांडण. आम्ही पेण-रोहा पट्ट्यातल्या रामवाडीचे. आमच्याकडे शिवजयंती दोनदा साजरी होते. भाऊ १९ फेब्रुवारीला मंडळात असतो; आजोबा फाल्गुन वद्य तृतीयेला देवघराशेजारच्या तसबिरीला हार घालतात. 'सरकारी तारीख' आणि 'आपली तिथी' यांवरून दोघांची दरवर्षी जुंपते. दोघांनाही वाटते की समोरचा खोट्या पुराव्याला चिकटून बसला आहे.

८/१५
मौज अशी की दोघांचा पुरावा एकच आहे! शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, शिवनेरी : ही जेधे शकावलीतील नोंद. तिचेच इंग्रजी कालगणनेत रूपांतर केले की १९ फेब्रुवारी १६३० मिळते. ही तारीखही जुन्या, म्हणजे ज्युलियन पंचांगाची. आज आपण वापरतो त्या ग्रेगोरियन पंचांगाने तो दिवस १ मार्च १६३० ठरतो. म्हणजे आजोबा आणि भाऊ यांचा वाद पुराव्यांचा नाही, कालगणनांचा आहे.

९/१५
आमच्याच जिल्ह्यातले एक उदाहरण पाहा. १६७४ च्या मे महिन्यात इंग्रज वकील हेन्री ऑक्झेंडन शिवराज्याभिषेकासाठी मुंबईहून निघाला. चौलला उतरला, तेथून खाडीच्या वाटेने रोह्याला लागून असलेल्या अष्टमीस आला आणि पुढे निजामपूरमार्गे रायगडाकडे गेला. मुंबई इंग्रजांची, तिथे ज्युलियन पंचांग. चौल पोर्तुगीजांचे, तिथे ग्रेगोरियन. दोहोंत १० दिवसांचे अंतर! मचवा खाडीच्या तोंडाशी पोहोचला की तारीख १० दिवस पुढे जात असे.

१०/१५
आणि अष्टमीच्या बंदरावर उतरले की तिथे तिसरेच मोजमाप : शके, मास, तिथी. शिवाय दफ्तरात अरबी महिन्यांचे सुहूर सन. राज्याभिषेक शके १५९६, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीचा. इंग्रजांच्या लेखी ६ जून, पोर्तुगीजांच्या लेखी १६ जून. त्याच दिवसापासून महाराजांनी राज्याभिषेक शक सुरू केला. एकाच किनाऱ्यावर इतकी मोजमापे, आणि त्यांपैकी एकही खोटे नव्हते. मात्र ती एकमेकांत मिसळली की गोंधळ ठरलेला. हा दुसरा धडा.

११/१५
परंतु जन्मतारखेचा खरा, पुराव्यांमधला वादही होताच. चिटणीस बखरीसारख्या उत्तरकालीन बखरींच्या आधारे जन्म शके १५४९, वैशाख शुद्ध द्वितीया, म्हणजे एप्रिल १६२७ मधला मानला जाई. हा फरक सुमारे तीन वर्षांचा आहे. पंचांग बदलून तो मिटत नाही. इथे एकच मार्ग उरतो : कोणता कागद घटनेच्या अधिक जवळचा आहे ते पाहणे.

१२/१५
या वादातील माझा आवडता प्रसंग लोकमान्य टिळकांचा. शिवजयंतीच्या उत्सवाला सार्वजनिक रूप देण्यात त्यांचा वाटा मोठा. १८९६ च्या एप्रिलमध्ये रायगडावर उत्सव भरला. दिवस अर्थातच परंपरेचा, वैशाखातला. पुढे कारीच्या जेधे देशमुखांकडील शकावली त्यांच्या हाती आली. ती नोंद त्यांच्याच उत्सवाचा दिवस चुकीचा ठरवणारी होती. टिळकांनी ती दडवली नाही. १९१६ मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळामार्फत छापून मोकळी केली.

१३/१५
त्यानंतरही निकाल लगेच लागला नाही. कवींद्र परमानंदांचे 'शिवभारत' हे समकालीन संस्कृत काव्य तंजावरच्या हस्तलिखितावरून १९२७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातही शके १५५१ चा फाल्गुन निघाला. जोधपूरकडे मिळालेल्या एका जुन्या कुंडलीनेही त्यालाच दुजोरा दिला. एकमेकांची नक्कल नसलेले तीन पुरावे एकाच दिवसाकडे बोट दाखवू लागले. तरीही १९६६ मध्ये शासनाने नेमलेल्या इतिहासकारांच्या समितीत एकमत झाले नाही. १९ फेब्रुवारी ही तारीख शासनाने स्वीकारली ती त्यानंतर बऱ्याच वर्षांनी.

१४/१५
इथे गेमचे जग आणि आपले जग यांची वाट वेगळी होते. फळ्याचा वाद वाढला तेव्हा बेथेस्डाचे टॉड हॉवर्ड यांनी एका मुलाखतीत सांगून टाकले की बॉम्ब 'न्यू व्हेगास'च्या घटनांनंतर पडला. वाद मिटला, कारण ते जग त्यांच्याच मालकीचे. इतिहासाला असा मालक नाही. शासन सुट्टीचा दिवस ठरवू शकते, समिती शिफारस करू शकते. १६३० मध्ये काय घडले ते मात्र दोघांनाही ठरवता येत नाही. तो अधिकार कागदांचा, आणि कागद उद्या नवाही सापडू शकतो.

१५/१५
म्हणून त्या चाहत्यांचे मला कौतुक वाटते. बाणाची दिशा पाहणे, जुन्या गेममधले संवाद पडताळणे, लिहिणाऱ्याचा हेतू शोधणे ही संशोधकाचीच कामे त्यांनी प्रेमापोटी केली. फक्त शेवटी त्यांना निर्मात्याचा शब्द हवा होता. आपल्याला तो कधीच मिळणार नाही. आपल्यापुढे टिळकांचा १९१६ चा दाखला आहे. यंदा आजोबांना आणि भावाला शेजारी बसवून मी शकावलीतली ती एक ओळ वाचून दाखवली. दोघेही थोडा वेळ गप्प बसले. मग आजोबा म्हणाले, "म्हणजे दोन्ही दिवशी गोडाधोडाचं करायला हरकत नाही."