पान लागलं

१९७४ साली माण तालुक्यात दवाखाना टाकला, तेव्हा माझी मराठी पुण्याच्या पेठेतली. पहिल्याच पावसाळ्यात एका रात्री एकजण पोराला पाठुंगळी मारून आला. "डागदर, पोराला पान लागलंय!" तंबाखूच्या पानानं घेरी आली असेल असं समजून मी लिंबूपाणी द्यायला सांगितलं.

कंपाउंडर आतून धावत आला. "सायेब, पान म्हंजी जनावर चावलंय. रातीचं त्येचं नाव घेत न्हाईत."

घोट्यावर दातांच्या दोन खुणा होत्या. मी पायाकडं पाहिलंच नव्हतं. हाफकिनचं औषध कपाटात होतं म्हणून पोर वाचलं; मधली दहा मिनिटं मात्र माझ्या अडाणीपणानं खाल्ली.

मग मी वही घातली. अंगावरनं वारं गेलं म्हणजे पक्षाघात. मोडशी झाली म्हणजे अपचनाच्या उलट्या-जुलाब. 'कावळा शिवलाय' हे बाई स्वतः कधी सांगायची नाही, सोबतची म्हातारी भिंतीकडं बघून सांगायची. मीही भिंतीलाच प्रश्न विचारायला शिकलो.

ज्याची भीती मोठी, त्याचं नाव आडवळणानं. पटकी म्हणजे मरीआईचा कोप, आणि देवी तर रोगाचंच नाव झालेलं. १९७७ मध्ये देशातून देवीचं उच्चाटन झाल्याचं जाहीर झालं, पण शब्द हटला नाही. पुढं कितीतरी वर्षं बाया तान्ह्या पोराला ट्रिपलच्या इंजेक्शनला आणत आणि म्हणत, "देवी काढायच्यात." मी टोचायचो, दुरुस्ती करत नसे.