दत्तक गेलेलं इंजिन

एमजीबी ही 1962 साली आलेली इंग्लिश स्पोर्ट्स कार. तिच्या बॉनेटखालचं मूळ इंजिन चार सिलिंडरचं, 1798 सीसीचं आणि पूर्ण लोखंडी. आपल्याला ते अगदीच अनोळखी नाही. ॲम्बेसिडरमध्ये वर्षानुवर्षं जे 1489 सीसीचं पेट्रोल इंजिन असायचं, ते याच बीएमसी ‘बी’ मालिकेतलं, म्हणजे सख्खं भावंड. सोशीक, दणकट, कुठल्याही मेस्त्रीला जमण्यासारखं. पण ॲम्बेसिडर चालवलेल्या कुणाला ते चपळ होतं का, असं विचारून बघा! एमजीबीच्या मालकांनाही तेच वाटायचं. ते इंजिन उतरवून त्या जागी त्यांनी जे बसवलं, त्याची ही कुळकथा.

इंग्लंडात त्याला रोव्हर व्ही-8 म्हणतात, पण जन्म अमेरिकेतला. जनरल मोटर्सच्या ब्यूक विभागाने ते 1961 च्या छोट्या गाड्यांसाठी काढलं. 215 घन इंच, म्हणजे साडेतीन लिटर. अमेरिकेत व्ही-8 म्हणजे लोखंडाचा भलामोठा ठोकळा अशी रीत असताना ब्यूकने ब्लॉक आणि हेड दोन्ही ॲल्युमिनियमची केली, आणि आठ सिलिंडर असूनही इंजिनाचं वजन दीडशे किलोच्या आसपास राहिलं. हौस महागात पडली. ओतकाम सच्छिद्र निघायचं, बाद मालाचा ढीग व्हायचा. गाडीवाले ॲल्युमिनियमला न मानवणारं कूलंट घालायचे आणि रेडिएटर चोंदायचे. तेवढ्यात पातळ भिंतींचं लोखंडी ओतकाम साधलं, ते स्वस्तही पडू लागलं. 1963 च्या मॉडेलांनंतर ब्यूकने या इंजिनाला निरोप दिला.

घरच्यांनी टाकलेल्या या वाणाने बाहेर मात्र नाव काढलं. ऑस्ट्रेलियातल्या रेप्को कंपनीने याच इंजिनाच्या ओल्ड्समोबील आवृत्तीचा ब्लॉक घेऊन तीन लिटरचं रेसिंग इंजिन उभं केलं, आणि जॅक ब्रॅबम 1966 साली स्वतःच्याच नावाच्या गाडीतून फॉर्म्युला वनचे जगज्जेते झाले.

रोव्हरचे प्रमुख विल्यम मार्टिन-हर्स्ट अमेरिकेत कार्ल किकहेफर यांच्या बोटींची इंजिनं करणाऱ्या कारखान्यात गेले असताना त्यांना हे इंजिन जमिनीवर पडलेलं दिसलं, अशी गोष्ट सांगतात. गोष्टीला थोडं तेलमीठ लागलं असेल. पण 1965 च्या सुरुवातीला रोव्हरने उत्पादनाचे हक्क घेतले, हे नक्की. निवृत्तीला आलेले ब्यूकचे इंजिनिअर जो टर्ली यांनाही त्यांनी इंग्लंडला नेलं. एक बदल मात्र पुढे महत्त्वाचा ठरला. ब्यूकमध्ये लोखंडी लायनर ब्लॉक ओततानाच आत बसवलेले असत. रोव्हरने ब्लॉक वाळूच्या साच्यात ओतला आणि लायनर नंतर दाबून बसवले. 1967 मध्ये हे इंजिन रोव्हरच्या पी-5-बी मध्ये आलं, 1968 मध्ये मॉर्गन प्लस एटमध्ये, 1970 मध्ये रेंज रोव्हरमध्ये.

एमजीबीत जास्त ताकद घालण्याचा एक प्रयत्न कंपनीने आधी केला होता. 1967 च्या एमजीसीत सहा सिलिंडरचं लोखंडी इंजिन बसवलं, तर गाडीचं नाक जड झालं आणि टीकाकारांनी ती झोडपून काढली. केन कॉस्टेलो या मिनी-रेसरच्या लक्षात आलं की ॲल्युमिनियमच्या व्ही-8 चं वजन मूळ चार सिलिंडरच्या इंजिनाच्या जवळपासच आहे. 1970 च्या सुमारास तो अशा गाड्या विकू लागला. कार्ब्युरेटरसाठी त्याला बॉनेटला उंचवटा द्यावा लागला, पण गाडी पळाली. एमजीची मालक कंपनी ब्रिटिश लेलँडने त्याची गाडी मागवून पाहिली आणि 1973 मध्ये स्वतःचीच एमजीबी जीटी व्ही-8 बाजारात आणली. तीत रेंज रोव्हरचं कमी कॉम्प्रेशनचं, 137 हॉर्सपॉवरचं इंजिन होतं. 1976 पर्यंत अवघ्या 2,591 गाड्या झाल्या. कारखान्याने हात आखडला, आणि पुढचं काम गॅरेजवाल्यांनी व हौशींनी अंगावर घेतलं. इंजिनांना तोटा नव्हता. भंगारात निघालेल्या जुन्या व्ही-8 रोव्हरमधून ती मिळायची.

असं बसवलेलं इंजिन एक दिवस दुरुस्तीला येतं, तेव्हा मालकाला पहिल्यांदा ताकद वाढवायची असते. मेस्त्री मात्र आधी तेलाचं बघतो, आणि त्याचं बरोबर आहे. या इंजिनाचे टॅपेट हायड्रॉलिक. अमेरिकन ग्राहकाला टॅपेट सेटिंगची कटकट नको म्हणून ते तसे केलेले. पण त्यांना स्वच्छ तेल लागतं. तेल बदलायला आळस केला की काळा गाळ साचतो, टॅपेट अडकतात, कॅमशाफ्टचे उंचवटे झिजून सपाट होतात, रॉकर शाफ्टलाही खाचा पडतात. तेव्हा कॅम बदलताना टॅपेटही नवेच घालायचे. ऑईल पंपाचे गिअर पुढच्या टायमिंग कव्हरमध्ये असतात. कोरडा पंप आपणहून तेल ओढत नाही, म्हणून फिटिंगच्या वेळी त्यात व्हॅसलीन ठासतात. हे विसरलं तर नवीन बेअरिंग पहिल्याच स्टार्टला गेली समजा.

हेड गॅस्केटचंही तसंच. जुनं गॅस्केट पातळ पत्र्याचं, नंतरचं कंपोझिट जाड. नुसतं जाड बसवलं तर कॉम्प्रेशन घटतं. हेड फेस करून ते परत मिळवता येतं, पण फार फेस केलं तर पुशरॉड जास्त वर येतात आणि टॅपेट गरजेपेक्षा खोल दाबले जातात. त्यासाठी रॉकरच्या आधारांखाली शिम घालाव्या लागतात. जुन्या हेडला प्रत्येकी चौदा बोल्ट होते. बाहेरची ओळ हेडला एका बाजूला ओढते हे कळल्यावर रोव्हरने ते दहावर आणले.

राहिली क्षमता. रोव्हरने बोअर 88.9 वरून 94 मिलिमीटर केला, तेव्हा 3.9 लिटरचं इंजिन झालं. पुढे स्ट्रोक 82 मिलिमीटर केल्यावर 4.6 लिटरचं. त्यात मेन बेअरिंगच्या टोप्यांना आडवे बोल्टही आले, म्हणून क्रँकला चांगला आधार मिळतो. बाहेरून इंजिन जवळपास तेवढंच, त्यामुळे ते एमजीबीत बसतं. पण मोठ्या बोअरमुळे लायनरमागे ॲल्युमिनियम कमी उरतं. इंजिन तापलं की तिथे चिरा जातात, आणि दाबून बसवलेला लायनर सुटून सरकतो. 1965 नंतरच्या त्या बदलाचं बिल इथे चुकवावं लागतं. उपाय म्हणजे वर कॉलर असलेले लायनर. ते हेडखाली अडकून राहतात. खर्चिक आहेत, पण त्यांत कंजुषी करू नये.

लँड रोव्हरने 2004 च्या सुमारास हे इंजिन आपल्या गाड्यांतून काढलं, तेव्हा आता ब्लॉक बहुधा जुन्या गाडीतलाच मिळतो. माझ्या मते, एमजीबीसाठी कधीतरी तापलेल्या 4.6 पेक्षा प्रेशर टेस्ट पास झालेला 3.9 चा ब्लॉक केव्हाही बरा.